रानवाटेवरचे मेंढपाळ : संत जॉन न्यूमन

५ जानेवारी हा संत जॉन न्यूमन यांचा स्मृतिदिन. नावामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. २०१९ साली संतपद लाभलेले इंग्लंडचे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन ते वेगळे. आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, ते युरोपातून अमेरिकेत गेलेले आणि तेथील रानातल्या नव्या वस्त्यांत पायी फिरलेले एक साधे धर्मगुरू होते.

घर आणि पाचारण

जॉन यांचा जन्म २८ मार्च १८११ रोजी बोहेमियातील प्राखाटिट्झ या गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील फिलिप हे जर्मनीतील बव्हेरियाचे. पायमोजे विणण्याचा त्यांचा धंदा होता. आई अ‍ॅग्नेस स्थानिक चेक. सहा भावंडांत जॉन तिसरे. त्यांना पुस्तकांचे आणि भाषांचे भारी वेड होते.

गुरुविद्यालयात असताना फादर फ्रेडरिक बरागा यांची पत्रे त्यांच्या वाचनात आली. फादर बरागा अमेरिकेत तेथील मूळ रहिवाशांमध्ये कार्य करीत होते. ‘आपणही तिकडेच जावे,’ ही ओढ जॉन यांच्या मनात तेव्हापासून लागली. त्यासाठी ते इंग्रजीही शिकले.

१८३५ साली शिक्षण पूर्ण झाले, पण गुरुदीक्षा लांबणीवर पडली. बिशप आजारी होते आणि धर्मप्रांतात धर्मगुरूंची संख्या गरजेपेक्षा जास्त होती. जेथे गरज नाही तेथे वाट पाहत बसावे, की जेथे गरज आहे तेथे निघावे? जॉन निघाले.

खिशात एक डॉलर

जहाजाचा प्रवास सुमारे चाळीस दिवसांचा झाला. जून १८३६ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा अंगावर एकच पोशाख आणि खिशात एक डॉलर होता. तेथे आपला स्वीकार होईल याची खात्रीही नव्हती. परंतु न्यूयॉर्कचे बिशप जॉन द्युबुआ यांना जर्मन बोलणाऱ्या धर्मगुरूंची निकड होती. त्या अवाढव्य धर्मप्रांतात सुमारे दोन लाख कॅथोलिकांसाठी अवघे ३६ धर्मगुरू होते! २५ जून १८३६ रोजी बिशपांनी त्यांना गुरुदीक्षा दिली आणि बफेलो शहराकडे पाठवले.

१८२५ साली ईरी कालवा खुला झाल्यापासून बफेलो हे पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे मोठे नाके बनले होते. आसपासच्या रानात जर्मन आणि इतर स्थलांतरित कुटुंबे झाडे तोडून शेते तयार करीत होती. बफेलोच्या फादर पॅक्स यांनी जॉन यांना शहर किंवा खेडी यांपैकी निवड करण्यास सांगितले. जॉन यांनी खेडी निवडली.

लाकडी घरातले जीवन

विल्यम्सव्हिल येथील त्यांचे चर्च अजून अर्धवट बांधलेले होते. पुढे ते नॉर्थ बुश या वस्तीत ओंडक्यांच्या लहानशा घरात राहू लागले. तेथून चिखल, दलदल आणि बर्फ तुडवीत ते वाडीवाडीवर जात. बुटक्या बांध्याचा हा तरुण धर्मगुरू मिस्साचे साहित्य पाठीवर घेऊन चाले. चर्च नसेल तेथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होई. आजाऱ्यांना भेटणे, पापनिवेदन ऐकणे, बाप्तिस्मा देणे ही कामे तर होतीच. पण मुलांना शिकवणे त्यांना विशेष प्रिय होते. शिक्षक नसेल तेथे ते स्वतः शिक्षक होत. लोकांशी ते त्यांच्या भाषेत बोलत. आयरिश लोकांचे पापनिवेदन ऐकता यावे म्हणून पुढे ते त्यांची गेलिक भाषाही शिकले.

एकट्याचे ओझे

ही कहाणी येथेच थांबवली तर ती अपुरी राहील. जॉन यांच्या रोजनिशीत त्यांच्या मनाचा कोरडेपणा आणि एकटेपणाही दिसतो. १८३९ साली त्यांचा भाऊ वेन्झल मदतीला आला, पण शरीर आधीच थकले होते. १८४० साली ते आजारी पडले व कित्येक आठवडे काम करू शकले नाहीत. तेव्हा त्यांनी ओळखले, की आपल्याला बांधवांच्या सोबतीची गरज आहे. त्याच वर्षी ते रिडेम्प्टोरिस्ट संस्थेत दाखल झाले. १६ जानेवारी १८४२ रोजी त्यांनी व्रते घेतली. अमेरिकेत त्या संस्थेची व्रते घेणारे ते पहिलेच.

१८५२ साली ते फिलाडेल्फियाचे बिशप झाले. कॅथोलिक शाळांची घडी त्यांनी बसवली. चाळीस तासांची आराधना धर्मप्रांतभर सुरू केली. ५ जानेवारी १८६० रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, रस्त्याने जात असताना ते कोसळले आणि प्रभूघरी गेले. १९ जून १९७७ रोजी पोप पॉल सहावे यांनी त्यांना संत घोषित केले.

आपल्यासाठी बोध

संत जॉन यांच्या श्रमांचे कौतुक करणे सोपे आहे. पण रानातल्या त्या चार वर्षांत ते का थकले, हेही आपण लक्षात घेतले पाहिजे. शिकवणारे तेच, आजाऱ्यांकडे जाणारे तेच, दूरच्या घराची आठवण ठेवणारेही तेच. आपल्या धर्मग्रामात फादरांना आपण ‘हे झाले का, ते झाले का’ असे विचारतो. त्याऐवजी ‘यातले आम्ही काय उचलू?’ असे विचारले तर? धर्मशिक्षणाचा एक वर्ग, आजाऱ्याची एक भेट, नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाची विचारपूस यांसाठी गुरुदीक्षा लागत नाही.

चिंतनासाठी

१. आपल्या धर्मग्रामात कोणते घर आपल्या पायवाटेपासून दूर राहिले आहे?
२. मुलांना त्यांना समजेल अशा भाषेत प्रार्थना शिकवण्यासाठी आपण घरी किती वेळ देतो?
३. एकट्याने ओझे वाहणाऱ्या कोणाला या आठवड्यात आपण हात देऊ शकतो?

संत जॉन न्यूमन, आमच्यासाठी विनंती करा.