वेठ, काम आणि नोकरी : सार्वजनिक जागेतील यंत्रमानव आणि त्याची नावे

सार्वजनिक जागेत माणसाच्या जागी उभे राहून सेवा देणाऱ्या यंत्राला मराठीत ‘यंत्रमानव’ म्हणण्याचा प्रघात आहे. संज्ञा सुटसुटीत खरी. परंतु मूळ शब्दातील श्रमाचा अर्थ तिच्यातून गळून पडला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून ‘रोबो’ जगभर गेला. हा शब्द आपले बंधू योसेफ यांनी सुचविला, असे चापेक यांनी पुढे नमूद केले. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’चा अर्थ कुळाने जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे श्रम असा आहे, मराठीत त्याला नेमका शब्द आहे – वेठ. शिवाय चापेक यांचे रोबो यंत्रे नव्हेतच; ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडविलेले आहेत. म्हणजे मूळ शब्दात यंत्र नाही, आणि मराठी समासात वेठ नाही.

हा शब्दभेद केवळ कोशकाराच्या आस्थेचा विषय नव्हे, हे भिलाईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि देशाच्या नाना भागांतून आलेल्या माणसांचे एक नवे नगर वसले. मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी ‘क्लासेस ऑफ लेबर’ (२०२०) या ग्रंथात या नगराचा दीर्घ अभ्यास मांडला आहे. कायम कामगाराची ती ‘नौकरी’ आणि कंत्राटी मजुराचे ते ‘काम’, हा तेथील बोलण्यातला भेद त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. एकाच आवारात राबणाऱ्या दोघांत या दोन शब्दांनी दोन वर्ग पडतात. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा नोकरीला आहे’ असे सांगतात, ‘मुलगा काम करतो’ असे नव्हे. या श्रेणीत यंत्रमानवाला काम आहे, नोकरी नाही. आणि वेतनही नसल्यामुळे त्याचे काम वेठीच्या जवळ जाते.

तरीही सर्व यंत्रमानव समान मानले जात नाहीत. जून २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, मध्य रेल्वेच्या सुरक्षा दलाने पुणे स्थानकावर प्रवाशांचे तापमान तपासणारा आणि फलाटावर नजर ठेवणारा यंत्रमानव आणला. त्याचे नाव ‘कॅप्टन अर्जुन’. नाव इंग्रजी आद्याक्षरे जुळवून साधले आहे. पण जुळवणूक अर्जुनापाशीच यावी आणि वर लष्करी हुद्दाही मिळावा, हा योगायोग म्हणता येणार नाही. याउलट तिरुवनंतपुरम येथील जेनरोबोटिक्स या संस्थेने तयार केलेले, २०१८ पासून वापरात आलेले आणि मलवाहिनीच्या मॅनहोलात उतरून गाळ उपसणारे यंत्र ‘बँडिकूट’ या नावाने ओळखले जाते. हा इंग्रजी शब्द तेलुगू ‘पंदिकोक्कु’ यावरून आलेला. मराठीत ती घूस. नाव यंत्राच्या कार्याला शोभते, यात शंका नाही. परंतु लोकांसमोर उभा राहतो तो अर्जुन, आणि गटारात उतरते ती घूस! जे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादले गेले आणि २०१३ च्या कायद्याने निषिद्ध ठरविले, त्याची पायरी यंत्राकडे गेल्यावरही बदललेली नाही. वस्तुतः माणसाची वेठ सुटते ती येथेच. चापेक यांचा शब्द अर्जुनापेक्षा या घुशीलाच अधिक लागू पडतो.

संबोधनाची अडचण आणखी निराळी. अनोळखी हमालाला ‘दादा’, तिकीट तपासनिसाला ‘अहो साहेब’, फुलवालीला ‘मावशी’ असे म्हणत मराठी माणूस क्षणभराचे नाते जोडूनच वाट विचारतो. यंत्राला ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’, याला परंपरेत उत्तर नाही. इंग्रजीत एका सर्वनामाने भागते. मराठीत यंत्राच्या तोंडी वाक्य घालणाऱ्याला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. ते बहुधा ‘आपण’ निवडतील, आणि त्या अतिआदरात फलाटावरची जवळीक उरणार नाही. नात्याची ही लहानशी देवघेव सार्वजनिक जीवनाची वीण आहे. तिचा हिशेब यंत्राच्या किमतीत धरला जात नाही.

यंत्र कोणत्या श्रमाच्या जागी यावे, हा प्रश्न भिलाईच्या परिसराला नवा नाही. कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत संपूर्ण यांत्रिकीकरणाची योजना पुढे आली, तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांच्या संघटनेने तिला विरोध करून अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. यंत्र नकोच, असे त्या पर्यायाचे म्हणणे नव्हते. यंत्राने कोठवर यावे हे ठरविताना राबणाऱ्यांचे मत मोजावे, असे होते. मॅनहोलात उतरणाऱ्या कामगाराला तसे विचारले असते, तर घुशीच्या नावावरही त्याने कदाचित हरकत घेतली नसती. फलाटावरच्या हमालाचे उत्तर वेगळे असू शकेल.