पीसी म्हणतो, हार्ड डिस्क कुठंय?

सबमिशनच्या आदल्या रात्री जुना पीसी सुरू करावा आणि काळ्या स्क्रीनवर ‘डिस्क बूट फेल्युअर’ झळकावं, यासारखं दुःख नाही! अशा वेळी हॉस्टेलमध्ये दोनच सल्ले मिळतात : ‘फॉरमॅट मार’ नाहीतर ‘नवीन डिस्क घे’. दोन्ही घाईचे. डिस्क सापडत नाही म्हणजे ती मेलीच असं नाही. आतला प्रोजेक्ट शाबूत असू शकतो. फॉरमॅट मारला की तो गेलाच समजा.

साटा डिस्क २००३ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधीच्या पीसीत ४० पिनांची चपटी, रुंद आयडीई केबल असते. सीनिअर्सकडून वारशाने आलेले किंवा लॅबमध्ये एखाद्या जुन्या कार्डासाठी जपून ठेवलेले पीसी बरेचदा याच जातीचे. त्यांची तपासणी या क्रमाने करावी.

१) मेसेज वाचा : ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असं आलं तर पीसीला कुठलीतरी डिस्क सापडली आहे, पण तिच्यावर विंडोज सुरू करणारी फाइल नाही. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी किंवा मागे पेनड्राइव्ह राहिलाय का, ते आधी बघा.

२) बायोस बघा : पीसी सुरू होताच डिलीट (काहींवर एफ-२) दाबत राहा. यादीत डिस्कचं नाव दिसलं तर बूटचा क्रम तपासा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची बॅटरी (बहुधा सीआर-२०३२) संपली. तिच्याबरोबर सेटिंग्जही पुसली जातात. बॅटरी बदला आणि डिस्कची सेटिंग ‘ऑटो’वर ठेवा.

३) कान द्या : डिस्क फिरल्याचा घूं आवाज आला तर पॉवर पोहोचते आहे. अजिबात शांत असेल तर पीसी बंद करून एसएमपीएसचा दुसरा ४ पिनांचा कनेक्टर लावून बघा. ‘खट्... खट्...’ असा आवाज मात्र धोक्याचा. लगेच पीसी बंद करा. पुन्हापुन्हा चालू केलं तर उरलेला डेटाही जाऊ शकतो.

४) केबल काढून लावा : आधी प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. पनवेलच्या पावसाळ्यातली दमट हवा पिनांना गंज चढवते. केबल दोन-तीनदा काढून घट्ट बसवली तरी संपर्क सुधारतो. केबलची लाल कड पिन क्रमांक १ कडे हवी. ८० तारांची केबल असेल तर निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला आणि मधलं करडं स्लेव्हला.

५) जम्पर तपासा : एकाच केबलवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोघंही ‘मास्टर’ असतील तर एका म्यानात दोन तलवारी! दोन्ही गायब होऊ शकतात. एक मास्टर, एक स्लेव्ह करा. जम्परचा नकाशा सहसा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो.

एवढं करूनही डिस्क दिसली नाही तर ती यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या पीसीला जोडा. तिथे दिसली तर दोष केबल किंवा मदरबोर्डचा. विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर ‘नो’ म्हणा आणि सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइल्स कॉपी करा.

दुसरी डिस्क घ्यायचीच झाली तर एक गणित ध्यानात ठेवा. जुना बायोस सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहितो. २ चा २८ वा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ जीबी. त्यापुढची जागा त्याला दिसतच नाही. मोठी डिस्क लावून ‘अर्धी कुठे गेली?’ म्हणत दुकानदाराशी भांडू नका!

थोडक्यात, आधी फुकटातले उपाय, मग खर्चाचे, आणि फॉरमॅट सर्वांत शेवटी. आणि हो, पीसी सुरळीत चालतोय तोवर, आजच, प्रोजेक्टची एक कॉपी दुसरीकडे ठेवा.