लपलेले पोकेमॉन आणि यवतमाळचं ऊन: काय करावं, काय टाळावं

'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरचा खेळ जुलै २०१६ मध्ये परदेशात सुरू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जिओचं बोट धरून अधिकृतपणे भारतात आला. जिओची दुकानं तेव्हा पोकेस्टॉप, म्हणजे चकती फिरवून खेळातलं सामान मिळवायची ठिकाणं, झाली होती. पुण्या-मुंबईत चौकागणिक स्टॉप आणि लढतीच्या जिम. यवतमाळात दत्त चौक, आझाद मैदानाचा पट्टा सोडला की नकाशा विरळ होत जातो, आणि घाटंजी-मारेगावकडच्या लहान गावात तर स्क्रीनवर नुसतं हिरवं माळरान. म्हणून इथली पोरं वैतागतात. पण या खेळात सोंग घेऊन लपणारे जे चार आहेत (डिट्टो, स्मीअर्गल, झोरुआ, केक्लिऑन), त्यांतल्या तिघांना पोकेस्टॉप लागतच नाही. अडचण स्टॉपची कमी आणि शोधायच्या पद्धतीची जास्त आहे.

काय करावं

• डिट्टोसाठी फालतू वाटणारे पोकेमॉन पकडावेत. डिट्टो दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या पोकेमॉनचं रूप घेऊन समोर येतो. चेंडूत अडकल्यावर 'ओह?' अशी अक्षरं उमटतात आणि मग गुलाबी गोळा बाहेर पडतो. तोपर्यंत ओळखायची सोय नाही. तो कोणाची सोंगं घेतो ती यादी कंपनी अधूनमधून बदलते, ती तेवढी ताजी ठेवावी. दुर्मिळाच्या मागे धावताना जे आपण झटकून टाकतो, नेमक्या त्यांच्यातच तो बसलेला असतो.

• स्मीअर्गलसाठी फोटो काढावेत. आपल्याच एखाद्या पोकेमॉनला अंगणात, तुळशीपाशी उभं करून खेळातल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे. कधीतरी मध्येच शेपटीचा कुंचला घेतलेला हा प्राणी फोटोत घुसतो. नकाशावर परत आलं की जवळच उभा असतो. आणखी एक गंमत: ज्या पोकेमॉनचा फोटो काढत होतो, त्याचेच डाव स्मीअर्गल उचलतो. तेव्हा फोटोला कोणाला उभं करायचं, हे आधी ठरवावं. ना पोकेस्टॉप, ना चालणं; झरी जामणीच्या शेवटच्या घरातही हा सापडतो.

• झोरुआसाठी सोबती नीट निवडावा. झोरुआ आपल्या सोबत्याचं, म्हणजे बडीचं, रूप घेतो. बडी नेहमीचाच कोणी असेल तर खरा कोणता आणि सोंग कोणतं ते कळत नाही. त्याऐवजी रानात कधीच न दिसणारा एखादा पोकेमॉन बडी करून ठेवावा. मग नकाशावर त्याच्यासारखा दुसरा दिसला की तो झोरुआच. हा फार क्वचित येतो, पण आला तर हुकत नाही.

• केक्लिऑनसाठी मात्र स्टॉप असलेल्या गावातच जावं लागतं. तो जानेवारी २०२३ मध्ये आला आणि पोकेस्टॉपवर अदृश्य होऊन बसतो. स्टॉप उघडला की चकतीसमोर काचेसारखी पुसट आकृती दिसते. तिच्यावर टिचक्या मारत राहायचं. एकदोन टिचक्यांनी तो हलत नाही. त्यामुळे चकती फिरवून लगेच पुढे जायची सवय इथे नडते. प्रत्येक स्टॉपपाशी क्षणभर नीट पाहावं.

• इन्सेन्स (पोकेमॉन ओढून आणणारा धूप) लावला तर चालत राहावं. एका जागी बसलेल्याकडे पोकेमॉन रखडत येतात, चालत्या माणसाकडे भराभर येतात. रोज एकदा फुकट मिळणारा पंधरा मिनिटांचा 'डेली इन्सेन्स' तर खेड्यातल्या खेळाडूचा हक्काचा. गॅलरप्रदेशी आर्टिकुनो, झॅपडॉस, मोल्ट्रेस ही तीन पाखरं त्याच्यातच येतात आणि बहुतेकदा उडून जातात. त्यांचं वाईट वाटून घेऊ नये.

• नवरात्राचा फायदा घ्यावा. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला. घरची मंडळी रात्री एका मंडळाहून दुसऱ्याकडे पायी फिरत असतात, त्यात खेळातल्या, चालून फोडायच्या अंड्यांचे किलोमीटर आपोआप भरतात. दहा किलोमीटरचं अंडं एरवी कधी फुटतच नाही, ते या दिवसांत फुटतं. देवीसमोर रांगेत असताना मात्र फोन खिशात.

• पाऊस पडत असेल तर एकदा ॲप उघडून पाहावं. खेळातलं हवामान बाहेरच्या हवामानावरून ठरतं; पावसात पाणी, वीज आणि कीटक जातीचे जास्त दिसतात आणि जोमदार मिळतात. विजा कडाडत असतील तर घराच्या खिडकीतून, धुऱ्यावरच्या बाभळीखालून नाही.

• गावात स्टॉप नसेल तर नुसतं रडू नये, सुचवावा. वरच्या लेव्हलला पोचलेल्या खेळाडूला नवी जागा सुचवता येते; दुसरे खेळाडू ती तपासून मत देतात. जागा खरी, कायमची आणि पायी पोचण्याजोगी हवी. मारुतीचं देऊळ, सार्वजनिक वाचनालय, उघडी व्यायामशाळा, जुना वीरगळ चालतो. झेडपीची शाळा चालत नाही, दवाखाना चालत नाही, कोणाचं घर चालत नाही. दुर्गेचा मंडप कितीही भव्य असो, दहा दिवसांचा म्हणून तोही नाही. फोटो स्वतः काढलेला हवा, त्यात माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर नकोत. साधारण सत्तर-ऐंशी मीटरच्या चौकटीत एकच स्टॉप दिसतो, म्हणून देवळासाठी एक आणि त्याच्या कमानीसाठी दुसरा असे अर्ज वाया जातात. पुष्कळ अर्ज नापास होतात ते वर्णनामुळे. 'छान मंदिर आहे' एवढ्यावर कोण मत देणार? कोणी बांधलं, यात्रा कधी भरते, लोक संध्याकाळी पारावर का जमतात, ते लिहावं.

काय टाळावं

• उभ्या पराटीत शिरणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशी कमरेच्या वर जाते आणि फवारणी चालू असते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ताज्या फवारलेल्या वावरातून हाफपँटवर जाऊन कोणताही पोकेमॉन आणू नये. शिवाय रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात. अंधारात ती तार दिसत नाही. पांदणीवरूनच चेंडू फेकावा, पोकेमॉनसाठी तेवढं अंतर पुरतं.

• विचारणाऱ्यापासून पळणं. गावात नवखा पोरगा फोन धरून गोल फिरताना दिसला की कोणीतरी विचारणारच, "कोनाचा रे तू? काय पाह्यतं इथं?" सरळ नाव सांगावं, वडिलांचं सांगावं, स्क्रीन दाखवावी. काका बहुधा हसतात आणि चहाही विचारतात. पळालं तर अख्खं गाव मागे लागतं.

• जंगलाच्या कडेला पहाटे-संध्याकाळी एकट्याने हिंडणं. टिपेश्वरचं अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे, पण वाघाला हद्द ठाऊक नसते. पांढरकवडा-राळेगाव भागाने २०१८ पर्यंत अवनी वाघिणीची दहशत पाहिली आहे. हा खेळ नजर खाली घालायला लावतो, आणि तिथे नजर वर हवी.

• मे महिन्यातला कम्युनिटी डे रस्त्यावर साजरा करणं. हा कार्यक्रम साधारणपणे शनिवारी किंवा रविवारी दुपारी २ ते ५ असतो. वेळ ठरवणाऱ्याने यवतमाळचा उन्हाळा पाहिलेला नसावा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना माणूसही तापतो आणि फोनही. स्क्रीन मंदावते, चार्जिंग थांबतं. त्या दिवशी सावलीत बसून जे येईल ते घ्यावं. डिसेंबरात कसर भरून काढता येते.

• गाडीवरून खेळणं. वेग वाढला की खेळ 'मी प्रवासी आहे' असं कबूल करायला लावतो. आर्णी रोडवर स्कूटी चालवत ते बटण दाबणाऱ्याला काय म्हणावं? अंड्याचं अंतरही जोरात चालणाऱ्या माणसाच्या वेगाच्या फार पुढे मोजलं जात नाही, म्हणजे धोका पत्करूनही हाती काही नाही.

• देवळाच्या गाभाऱ्यात शोध. कळंबच्या चिंतामणीला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तिथे जीपीएस भरकटतो आणि आपला बाहुला भलतीकडे धावू लागतो. दर्शन घ्यावं, वर येऊन खेळावं. प्रार्थनास्थळी या खेळातली अंडी दिसण्यावरून २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली होती, हेही लक्षात असू द्यावं.

• खोटं लोकेशन लावून घरबसल्या टोकियो फिरणं. पहिल्यांदा सात दिवसांची ताकीद, मग तीस दिवस खातं बंद, तिसऱ्यांदा कायमचं. काही वर्षांची जमवाजमव एका ॲपपायी जाते.

• पुण्याला शिकणाऱ्या दादाला पासवर्ड देणं. "तिकडे खूप मिळतात, माझ्या खात्यावर पकड ना" ही विनंती नियमात बसत नाही. दादाने त्याच्या खात्यावर पकडावं, दिवाळीत घरी आला की शंभर मीटरच्या आत बसून अदलाबदल करावी. आपल्या पोकेडेक्समध्ये (मिळालेल्यांच्या यादीत) नसलेला पोकेमॉन घेणं ही विशेष अदलाबदल धरली जाते आणि ती दिवसाला एकच होते. तेव्हा सोंग घेणारे चौघे हवे असतील तर दादाला भाऊबीज उरकून लगेच पुण्याची ट्रॅव्हल्स पकडू देऊ नये.