दुर्बिणीला न दिसलेलं आतडं

तोंडातून दुर्बीण घालून झाली, सोनोग्राफी झाली, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. तरी जेवणानंतर तास-दीड तासाने पोटात अशी कळ उठायची की हातातलं काम टाकून भिंतीला धरून उभं राहावं लागे. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत माझं वजन ५५ वरून ४४ किलोवर आलं. संध्याकाळी कणकण असायची, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, शेवटी ‘तुम्ही फार विचार करता’ हेही ऐकून झालं.

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. तोंडातून घातलेली दुर्बीण त्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंतच पोचते. खालून घातलेली दुर्बीण मोठं आतडं ओलांडून लहान आतड्याचं शेवटचं टोक तेवढं पाहू शकते. मधला जवळजवळ सगळा भाग दोघींच्याही आवाक्याबाहेर राहतो. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो. त्यामुळे जेवढं पाहिलं तेवढं ठीक आहे, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ होता. हे मला आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर ‘तुला काही झालेलं नाही’ हे घरच्यांकडून ऐकावं लागलं नसतं.

पुढे एका मोठ्या इस्पितळात सीटी स्कॅन झाला आणि लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे सूज व अरुंदपणा दिसला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बघून ‘क्रोन्स’ असं निदान केलं आणि त्याच भेटीत स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “ताई, आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय ही गोळी सुरू करू नका.” त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग सोलापूरला पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी नुसतं विचारायलाच बराच वेळ घेतला. कळ येते तेव्हा पोट फुगतं का? मोठ्याने गुडगुडतं आणि मग मोकळं वाटतं का? पेरू, डाळिंब, मेथीची भाजी खाल्ली की जास्त दुखतं का? पोटावर काही सरकताना दिसतं का? दिसायचं. कळ भरात असली की बेंबीच्या उजव्या बाजूला कातडीखाली एक वळ उठे, हळूहळू सरके, मग नळातून पाणी सुटल्यासारखा आवाज होई आणि दुखणं ओसरे. आतडं अरुंद झालेल्या जागेतून अन्न पुढे रेटत होतं, ते बाहेरून दिसत होतं. इतके दिवस हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही पोट उघडं करून पाहिलं नव्हतं.

फॅमिली डॉक्टरांनी गोळी थांबवली त्याचं कारण असं: आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात. बहुधा एकाच जागी बसतात, दोन्हींत जखमा होतात, आतडं आकसतं, वजन उतरतं. क्रोन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोन्सचं वर्णन केलं तेव्हा तो क्षय नव्हे हेच दाखवायचं होतं. आपल्याकडे क्षय अजून घरोघरी आहे, म्हणून हा गोंधळ रोजचा आहे. स्टिरॉइडने दोन्हींत सुरुवातीला बरं वाटतं. पण आजार क्षय असेल तर तो त्याच गोळीच्या आडोशाने शरीरभर पसरू शकतो.

खालून दुर्बीण घालून जखमांच्या कडेचे आणि तळाचे बरेच तुकडे काढले. काही सूक्ष्मदर्शकाखाली गेले, काही क्षयाच्या जंतूंच्या तपासणीला. जंतू सापडले नाहीत. आतड्याच्या क्षयात ते पुष्कळदा सापडत नाहीत, तेव्हा ती चाचणी निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं धरू नये. जखमांची आडवी ठेवण आणि तुकड्यातल्या गाठी पाहून डॉक्टरांनी क्षयाचं औषध सुरू केलं आणि बजावलं, “दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. जखमा भरल्या तर क्षय, नाही तर क्रोन्सचा विचार.” नुसत्या बरं वाटण्यावर विसंबायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. जखमा भरलेल्या होत्या. सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला. व्रण राहिल्याने थोडा अरुंदपणा उरला आहे. तो वाढलाच तर फुग्याने रुंद करता येतो किंवा लहान शस्त्रक्रिया करावी लागते.

मधल्या काळात माझ्या भाच्याने कॅमेऱ्याच्या कॅप्सूलबद्दल विचारलं. ती गिळली की आतड्याचे फोटो काढत जाते आणि शौचावाटे पडते. जागा न सापडणाऱ्या रक्तस्रावात ती फार उपयोगी आहे. पण आतडं आकसलेलं असेल तर ती तिथेच अडकू शकते आणि ती काढायला ऑपरेशनची पाळी येऊ शकते. डॉक्टरांनी ‘तुम्हाला नको’ म्हटलं ते यासाठी.

क्षयाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. नोंदणीची लाज धरू नका. या गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या, जेवणावरची वासना गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, कारण या गोळ्या यकृताला बाधू शकतात. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी काढली होती. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल, तर आतड्याचा क्षय ताटावाटीतून कुणाला लागत नाही.

लहान आतड्याचा आणखी एक आजार म्हणजे सिलिअॅक, त्यात गहू सोसत नाही. गव्हाने त्रास होतो अशी शंका असेल, तर त्याची रक्ततपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू सोडला की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो.

वजन उतरत असेल, रक्त सारखं कमी भरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा झोपेतून उठवणारी कळ येत असेल, तर पहिल्या नॉर्मल रिपोर्टवर थांबू नका. ‘लहान आतडं पाहिलं का?’ असं सरळ विचारा. आणि पोट फुगून उलट्या होताहेत, वाराही सरत नाही अशी वेळ आली तर घरी एरंडेल घेऊ नका, सकाळची वाटही पाहू नका. ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच रात्री जा.