श्वान-मार्जारांचे आरोग्य आणि सार्वजनिक हित : भिलाईचे उदाहरण

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून साकारलेल्या पोलाद प्रकल्पामुळे भिलाई हे नियोजित औद्योगिक नगर म्हणून विकसित झाले. अशा नगरांत पाळीव श्वान व मार्जारांबरोबरच भटक्या प्राण्यांचीही वस्ती असते. त्यांच्या आरोग्याचा प्रश्न वरकरणी खासगी आवडीचा वाटला, तरी तो सार्वजनिक आरोग्याशी निगडित आहे.

प्रमुख आजार

श्वानांत डिस्टेंपर व पार्व्हो हे विषाणुजन्य रोग, तर मार्जारांत पॅनल्यूकोपेनिया हा रोग विशेष घातक ठरतो. पार्व्हो व पॅनल्यूकोपेनियामध्ये उलट्या, अतिसार व निर्जलीकरण होते. लहान पिल्ले त्यांना लवकर बळी पडतात. या तिन्ही रोगांवर परिणामकारक लस उपलब्ध आहे. गोचिडांमुळे अर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे रक्ताचे विकार पसरतात. छत्तीसगढच्या मैदानी भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जात असल्याने उष्माघाताचाही धोका संभवतो. माणसांची औषधे प्राण्यांना परस्पर देणे टाळावे. पॅरासिटामॉल मार्जारांसाठी प्राणघातक ठरू शकते.

रेबीज : आर्थिक विश्लेषण

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार मृत्यू होतात व त्यांपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. बळींमध्ये मुलांचे प्रमाण मोठे आहे. म्हणूनच चावा घेतल्यावर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे आणि विनाविलंब लसीकरण सुरू करणे अत्यावश्यक आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत, प्राण्याचे लसीकरण सकारात्मक बाह्यता निर्माण करते. खर्च मालक करतो, लाभ मात्र संपूर्ण वस्तीला मिळतो. भटक्या श्वानांबाबत तर खर्च करणारा मालकच नसतो. परिणामी बाजारव्यवस्थेत लसीकरण आवश्यकतेपेक्षा कमी होते. रोगसाखळी तोडण्यासाठी किमान ७० टक्के श्वानांचे लसीकरण अपेक्षित आहे. त्यामुळे येथे शासनाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो.

भिलाईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. प्रकल्पाच्या वसाहतीची देखभाल प्रकल्पाकडे आहे, तर उर्वरित भागात महानगरपालिका सेवा पुरवते. दुर्ग, रिसाली व भिलाई-चरोदा या स्वतंत्र महानगरपालिकाही लगतच आहेत. श्वानांना प्रशासकीय सीमा ठाऊक नसतात. एका क्षेत्राने केलेला खर्च शेजारच्या क्षेत्रातील उदासीनतेमुळे वाया जाऊ शकतो. म्हणून संयुक्त मोहीम गरजेची आहे. दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे या कामी जवळचे तज्ज्ञ-केंद्र आहे.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद १५ नुसार पशुरोग प्रतिबंध व पशुवैद्यकीय व्यवसाय हे राज्याचे विषय आहेत. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत (नोंद १७) आहे, तर अनुच्छेद ५१ क (छ) जीवमात्रांविषयी दयाभाव हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानतो. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक अधिनियमांतर्गत २००१ मध्ये श्वानांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम झाले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. निर्बीजीकरण व लसीकरण हे या नियमांचे दोन आधारस्तंभ आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीचा मुख्य भार स्थानिक संस्थांवर आहे. २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षी गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. व्यापक श्वान लसीकरण, शाळांतील प्रबोधन आणि रोगसर्वेक्षण ही तेथील मोहिमेची त्रिसूत्री होती.

निष्कर्ष

श्वानांचे लसीकरण हा मानवी मृत्यू टाळण्याचा स्वस्त व खात्रीचा मार्ग आहे. चावा घेतल्यानंतरच्या उपचारांवर कुटुंब व शासन या दोघांचाही खर्च होतो आणि मजुरी बुडते ती वेगळीच. पाळीव प्राण्यांची नोंदणी, नियमित लसीकरण आणि शेजारील स्थानिक संस्थांचा समन्वय यांवर भिलाईसारख्या नगरांतील यश अवलंबून राहील.