शेवटचे बोलणे

आमच्या उधन्यात यंत्रमागावर राबणारी खानदेशी कुटुंबे पुष्कळ. रक्ताचा कर्करोग निघाला, की अनेकजण मुंबईची गाडी धरून परळचे टाटा रुग्णालय (स्थापना १९४१) गाठतात. अशा वेळी नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, "साहेब, त्यांना काही सांगू नका."

या रोगात असे बोलणे लांबते, त्याला आणखीही कारण आहे. औषध बदलले, रक्त चढवले की रोगी पुन्हा उठून बसतो; काही प्रकार तर पूर्ण बरे होतात. त्यामुळे ‘आता पुरे’ केव्हा म्हणावे, हे डॉक्टरांनाही उमगत नाही. मग एखादा जंतुसंसर्ग होतो आणि चार दिवसांत सारे आटोपते. वांद्र्याला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ निघाले, देशातले अशा रोग्यांसाठीचे पहिले. पण वरचेवर रक्त लागणाऱ्याला रुग्णालय सोडवत नाही.

निरर्थक उपचार नकोत, असे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. परंतु रोगच ठाऊक नसलेला माणूस लिहिणार काय? मला वाटते, डॉक्टरांनी आधी रोग्यालाच विचारावे, "किती ऐकायचे आहे?" कुणी म्हणेल, "मुलाला सांगा." तेही उत्तरच. कुणाला गावच्या जमिनीचे बोलायचे असेल. तेही उधन्याहून जळगावची गाडी धरण्याइतकी ताकद अंगात आहे तोवर.