सेवाग्रामची बापू कुटी

गोंदियाहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागपूरनंतर वर्धा लागते. तेथून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीस न परतण्याचा निश्चय करून महात्मा गांधींनी १९३० मध्ये तो आश्रम सोडला. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात वास्तव्यास गेले. विदर्भातील दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा घोटाळा होई; म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

घर स्थानिक साहित्यातून व अल्प खर्चात उभे राहावे, ही गांधीजींची अट होती. त्यानुसार माती, बांबू व लाकूड यांतून प्रथम आदि निवास उभारले गेले. बापू कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. नंतर गांधीजी तेथे राहू लागले. जवळच कुष्ठरोगी परचुरेशास्त्री यांची कुटी आहे. त्यांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत. देशाचे राजकारण आणि रुग्णसेवा एकाच अंगणात चालत असे.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून दिल्लीस गेले, ते पुन्हा परतले नाहीत. घर मात्र राहिले. दगडी वाड्याप्रमाणे ते एकदा बांधून टिकणारे नाही. भिंतींचे लिंपण आणि छपराची डागडुजी वारंवार करावी लागते. शरीरश्रमाचा आग्रह धरणाऱ्या नेत्याचे हे स्मारक श्रमावाचून उभेच राहू शकत नाही, हाच त्याचा पाठ होय.